अर्धी लवंग

सत्तर सालच्या अखेरीस माझी पोस्टिंग नगरच्या छावणीत झाली. मी राहुरीकडचा. म्हणजे एस.टी.त बसलं की जेवायच्या वेळेला घरी. फौजेत असं नशीब फार थोड्यांचं असतं. माझा हुद्दा नाईक. काम छावणीच्या दवाखान्यात, डेंटल विभागात, असिस्टंटचं. गावातली पोरंसोरं अजून विचारतात, "बाबा, दुश्मन किती मारले?" मी सांगतो, दुश्मन एकही नाही, पण आपल्याच जवानांच्या दाढा पोत्यानं काढल्या. ती हसतात आणि उठून जातात. पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून ते आज लिहून ठेवतो.

आमचा विभाग म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि समोर कडुनिंबाचं झाड. सकाळी पी.टी. झाली की मी अवजारं उकळायला ठेवायचो, काचेची पाटी धुवायचो आणि खुर्ची पुसायचो. वीज होती, पण भरवशाची नव्हती, म्हणून ड्रिल पायानं चालवायचं होतं. मी पेडल मारायचं आणि साहेबांनी दाढ कोरायची. आमचे साहेब कॅप्टन चाको, केरळचे. मितभाषी माणूस, हात मात्र हलका.

कोरलेल्या दाढेत लगेच पक्की चांदी भरत नसत. आधी तात्पुरतं भरायचं. काचेच्या पाटीवर झिंक ऑक्साइडची पांढरी पूड घ्यायची, त्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकायचे आणि पात्यानं घोटत राहायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. लवंगेनं ठणका बसतो आणि नस शांत होते. मग आठवड्यानं ते काढून चांदी. माझ्या कपड्यांना, हातांना, जेवणाच्या ताटालाही लवंगेचा वास यायचा. साहेब सांगायचे की त्यांच्या परसात लवंगेची झाडं आहेत, आणि लवंग म्हणजे उमलायच्या आत खुडलेली कळी. मला आधी खरं वाटलं नाही. मी ती फक्त किराणा दुकानात पाहिलेली.

भानुदास माझ्याकडे पहिल्यांदा आला तो दाढ दाखवायला नाही, गप्पा मारायला. तेव्हा छावणीत एक रणगाडा रेजिमेंट होती, तिचा नंबर सांगत नाही. रेजिमेंटमध्ये बहुतेक सगळे उत्तरेचे. त्यात हा नगर जिल्ह्यातल्याच कर्जत तालुक्यातला सवार, म्हणजे साधा शिपाई, टँकचा ऑपरेटर. तोफेत गोळा भरायचा आणि वायरलेस सांभाळायचा, ही त्याची ड्यूटी. कुणीतरी त्याला सांगितलं, डेंटलमध्ये एक नगरवाला आहे. आला आणि दारातूनच म्हणाला, "तुमी राहुरीचे व्हय? मंग बाजरीची भाकर कुटं मिळती ते सांगा. पोळ्या खाऊन माजं पोट इसरलंय ती."

तिथपासून रविवारी आम्ही भिंगारच्या बाजारात जायचो. भाकरी मिळो न मिळो, बोलायला मिळायचं. आठवडाभर हिंदीत "जी साब" करून जीभ आखडलेली असायची, ती त्या दोन तासांत मोकळी व्हायची. फौजेत मला मित्र पुष्कळ मिळाले, पण आईच्या बोलीत शिव्या देणारा तो एकच.

त्याच्या शर्टाच्या खिशात लवंगांची पुरचुंडी असायची. मी विचारलं, "दाढ दुखते का रे?"

"न्हाई. बायकोनं दिल्यात."

मग हसत त्याची हकिकत सांगितली. आपल्याकडे लग्नात हळद उतरताना नवरा-नवरीला लवंग तोडायला लावतात. नवरीनं लवंग दातात धरायची, नवऱ्यानं अर्धी आपल्या दातांनी तोडायची. मग नवऱ्यानं धरायची आणि नवरीनं तोडायची. भोवती सगळ्या बायका उभ्या असतात. याची पाळी आली तेव्हा याला एवढी लाज वाटली की यानं अख्खी लवंग गिळून टाकली. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. अनुसया, त्याची बायको, त्याच रात्री म्हणाली, "माजी अर्धी गिळलीत तुमी. ध्यानात ठिवा."

तेव्हापासून प्रत्येक सुट्टी संपली की ती लवंगांची पुरचुंडी खिशात घालून द्यायची आणि बजावायची, "ह्या तरी गिळू नका."

एकाहत्तरच्या पावसाळ्यात बातम्या वाढल्या. रेजिमेंटला तयारीचा हुकूम आला. टँकांची इंजिनं दिवसभर चालू असायची आणि जवानांची तपासणी सुरू झाली. भानुदासच्या खालच्या डाव्या दाढेला कीड लागली होती, हे मला त्याच्या चावण्यावरूनच कळलं. मी म्हणालो, "ये, साहेबांना दाखवू."

"दाकवलं की अनफिट म्हनतील. मंग माज्या जागी दुसरा जाईल."

"अरे, साधं भरायचं काम आहे."

"तुमी भरायचं म्हनता अन् साहेब उपटायचं म्हनले तर? मी गावाकडचाच इलाज करतो."

गावाकडचा इलाज म्हणजे रिंगणीची धुरी. काटेरी रिंगणीचं बी तापल्या लोखंडावर तेलात टाकायचं आणि नळीनं तो धूर दाढेत घ्यायचा. मग म्हणे दाढेतली कीड बाहेर पडते. आमच्या भागात हा इलाज घरोघर माहीत. भानुदासनं बी बाजारातून आणलं, टँकचा एक लोखंडी तुकडा तापवला आणि नळी म्हणून पेट्रोल ओतायचं नरसाळं वापरलं. बसला कुठं, तर टँकांच्या शेडमागं. नरसाळ्याला पेट्रोलचा ओशटपणा होता. मोठा भडका उडाला नाही एवढंच, पण धूर असा निघाला की संतरी "आग! आग!" ओरडला. गार्ड धावली. वाळूच्या बादल्या, पाण्याच्या बादल्या, सगळ्या भानुदासच्या डोक्यावर. रिसालदार मेजर साहेबांनी त्याला आठवडाभर जादा ड्यूटी लावली.

भेटला तेव्हा भुवया करपलेल्या होत्या, पण खूष. "किडं पडलं बगा. चांगलं मोटं मोटं."

"ते बियांतले कोंब असतात, शहाण्या. किडे नाहीत."

"तुमचं डेंटल ऱ्हाऊ द्या. माजा ठनका बसला."

ठणका दोन दिवस बसला. दाढ आतून किडतच राहिली.

दसरा झाला आणि रेजिमेंटच्या हालचालीचा हुकूम आला. टँक स्टेशनच्या साइडिंगवर मालगाडीवर चढायला लागले. त्या दिवशी सकाळी आमच्या विभागात फोन वाजला.

"डेंटल? एक जवान भेज रहे हैं. चार बजे गाडी है. फिट या अनफिट, बता देना."

जवान आला, तो भानुदास. डावा गाल टम्म सुजलेला, तोंड उघडत नव्हतं. बरोबर त्याचा टँक कमांडर दफेदार गुरबचन, सहा फुटी, दाढी जाळीत बांधलेली. रेजिमेंटच्या डॉक्टरांनी गाल पाहूनच अनफिट म्हटलं होतं. शेवटचा शब्द आमच्या साहेबांचा होता.

आणि समोर निंबाखाली अनुसया उभी होती. गाडी जाणार हे कुणी कुणाला सांगायचं नसतं, पण नगर जिल्ह्यात ते सगळ्यांना माहीत होतं. पहाटेची एस.टी. धरून भाकरी-चटणी घेऊन भेटायला आली होती. तिला मी पहिल्यांदा पाहिलं. सावळी, बारकी, नजर सरळ. मला म्हणाली, "भाऊजी, लई झालंय का हो?"

"बघतो वहिनी."

साहेबांनी भानुदासचं तोंड कसंबसं उघडवून आरसा आत घातला. डावीकडची हिरडी पांढरी पडली होती, वरचं कातडं सोललेलं.

"क्या लगाया?"

"लौंग का तेल, साब."

"कितना?"

भानुदासनं खाली पाहिलं. "शीशी, साब."

रात्रभर त्यानं नुसत्या तेलात भिजवलेला कापूस हिरडीत कोंबून ठेवला होता. एक लवंग दाढेखाली धरणं वेगळं आणि ते तेल असं ओतणं वेगळं. ते अस्सल तेल हिरडी भाजून काढतं. साहेबांनी बोटानं गाल चाचपला, दाढेवर हलकेच ठोकलं आणि मला म्हणाले, पू नाही. सूज भाजल्याची आहे, उतरेल. दाढेची कीड मात्र खोल आहे, नस अजून जिवंत आहे.

मग त्यांनी भानुदासला सरळ सांगितलं. दाढ काढली तर दुखणं संपेल, पण रक्त थांबेपर्यंत तो इथंच राहील. तात्पुरतं भरलं तर आज जाता येईल, पण ते टिकेलच असं नाही. तिकडं दाढ बिघडली तर डेंटलवाला कुठं भेटणार?

भानुदास म्हणाला, "भर दो, साब."

दारातून दफेदार गुरबचन बोलला, "साब, नया ऑपरेटर अभी कच्चा है. इसके बिना मेरा टँक गूंगा है."

साहेबांनी आरसा पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "गंगाधर, पैर चलाओ."

मी पेडल मारायला लागलो. भाजलेल्या हिरडीत भुलीची सुई टोचणं साहेबांना नको होतं, त्यामुळे सगळं सुईशिवाय झालं. भानुदासनं खुर्चीचे हात धरले होते, त्याच्या बोटांची पेरं पांढरी झाली. तोंडातून आवाज काढला नाही. बाहेर बायको ऐकत होती ना. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, पण मी पाय थांबवला नाही, कारण वेग कमी झाला की ड्रिल जास्त दुखतं. कोरून झाल्यावर मी पाटीवर पूड घेतली, तेल घेतलं आणि घोटायला लागलो. आयुष्यात हजारो वेळा घोटलं असेल, पण तेवढ्या जिवानं कधीच नाही. साहेबांनी ते दाढेत भरून दाबलं. लवंगेनं जाळलेलं लवंगेनंच शांत करायचं होतं. हळूहळू त्याचे खांदे खाली आले आणि बोटं सैल झाली.

"अब बोलो," साहेब म्हणाले. "जैसे सेट पे बोलते हो."

भानुदास ताठ बसला. "हॅलो, चार्ली टू. कैसा सुनते हो? ओव्हर."

शब्द न् शब्द स्पष्ट. दफेदारानं दारातून उत्तर दिलं, "साफ सुनते हैं. ओव्हर."

साहेबांनी चिठ्ठीवर फिट लिहिलं. "ये टेंपररी है. वापस आके पक्की भरवानी है. समझा?"

"जी साब."

तो बाहेर गेला. मी खिडकीपाशी काच पुसत होतो, त्यामुळे दिसलं. तो जवळ गेला तशी अनुसया हसली. म्हणाली, "अगं बया, ह्यो तर लगीनघरातला वास." त्यानं इकडंतिकडं पाहिलं, खिशातल्या पुरचुंडीतून एक लवंग काढली आणि पुढच्या दातांत धरली. अंगात युनिफॉर्म, डोक्यावर काळी बेरे टोपी, भर दुपारची वेळ, आणि हा गडी दातात लवंग धरून बायकोसमोर उभा. ती लाजून लाल झाली. "लोक बगत्यात की! खुळं का काय तुमी?" तिनं ती लवंग त्याच्या दातांतून बोटांनी काढून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "आल्यावर. घरी." मी काच सोडून आत गेलो.

साइडिंगवर मी त्याला सोडायला गेलो. टँकांवर ताडपत्र्या चढल्या होत्या. इंजिन लागलं. त्यानं डब्याच्या दारातून हात काढला.

"गंगाधरा, माजी चांदी बाजूला ठिव. येऊन भरतो."

"ठेवतो."

"ओव्हर."

"आता आउट म्हण की. गाडी सुटली."

वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं. तो हसला. "आउट कशाला? आजून बोलायचं हाय."

परत आल्यावर मी चांदीची पूड एका छोट्या बाटलीत वेगळी काढली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

डिसेंबरात लढाई झाली. आम्ही नगरमध्ये खिडक्यांना काळे कागद लावून रेडिओ ऐकत होतो. भानुदासची बातमी आधी त्याच्या गावी गेली, मग मला कळली. त्या दिवशी ओ.पी.डी. नेहमीसारखी चालली. मी पेडल मारलं, पूड घोटली, अवजारं उकळली. त्या वासानं डोळे भरून येत होते, आणि त्या वासापासून पळायचं तर माझं कामच तेच होतं. रविवारी भिंगारच्या बाजारापर्यंत गेलो आणि अर्ध्यातून परत आलो.

उन्हाळ्यात दफेदार गुरबचन आला, रेजिमेंटचं सामान न्यायला. एक हात गळ्यात होता. व्हरांड्यात बसला आणि थोडक्यात सांगितलं. पहाटे स्क्वाड्रन नाला ओलांडत होतं. त्यांच्या टँकची चेन तुटली. समोरच्या झाडीत दुश्मनाचे टँक होते, ते मागच्यांना दिसत नव्हते, यांना दिसत होते. दफेदारानं बाकीच्या दोघांना उतरवलं. भानुदासला म्हणाला, उतर. भानुदास म्हणाला, सेट चालू आहे. दफेदार स्वतः पहिल्या गोळ्यानं जखमी होऊन बाहेर पडला. आत भानुदास एकटा, मागच्यांना जागा सांगत राहिला. झाडीच्या डाव्या कोपऱ्यात एक, त्याच्या मागं दोन. दुसरा गोळा येईपर्यंत. मागचं स्क्वाड्रन वाचलं.

"आवाज कैसी थी?" मी विचारलं.

"साफ," दफेदार म्हणाला. "आखरी लफ्ज तक. आपकी दाढ ने धोखा नहीं दिया."

"आखरी लफ्ज क्या था?"

"ओव्हर."

मग तो म्हणाला की आघाडीवर अख्ख्या टँकमध्ये लवंगेचा वास यायचा आणि सगळे त्याला चिडवायचे. उठताना त्यानं माझ्या खांद्यावर चांगला हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्या वर्षी एके दिवशी व्हरांड्यात अनुसया उभी दिसली. कपाळ मोकळं, गालावर हात. "भाऊजी, दाढ ठनकतीया."

शहिदाच्या घरच्यांना छावणीत इलाज मिळायचा. मी तिला खुर्चीत बसवलं, त्याच खुर्चीत. साहेबांनी ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. दाढ पाहून म्हणाले, ये तो बहुत दिन से है, घर में लौंग नहीं था? मी मराठीत विचारलं.

"हाय एक," ती म्हणाली. "ती लावायची न्हाई." आणि तिचा हात पदराच्या टोकाकडे गेला.

मी साहेबांना एवढंच सांगितलं की घरात लवंग नव्हती. साहेबांनी कोरलं, मी घोटलं. दाढेत भरताच तिनं डोळे मिटले, आणि भरून झालं तरी उघडले नाहीत. आम्ही दोघंही थांबलो. नंतर तोंडावर पदर धरून, श्वास आत ओढत ती हळूहळू बाहेर गेली.

आठवड्यानं पक्की भरायला आली. मी चांदी काढायला वळलो तशी म्हणाली, "पक्की नगं, भाऊजी. हेच भरा पुन्यांदा."

"हे टिकत नाही वहिनी. झिजतं."

"झिजू द्या. मी येत जाईन."

आणि ती येत राहिली. कर्जतहून एस.टी.नं, दुष्काळाच्या त्या धुळीत, महिन्यातून एकदा. भरलेलं झिजलं, वास गेला, की ती दारात हजर. मी एका दुपारी साहेबांना लवंग तोडायच्या रिवाजाची सगळी गोष्ट सांगितली. ज्यांच्या परसात लवंगेची झाडं होती त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. ते उठले. बेसिनपाशी उभे राहून बराच वेळ हात धूत राहिले. पुढं दोनदा त्यांनी काही न विचारता तात्पुरतंच भरून दिलं.

तिसऱ्या वेळी मात्र नाही म्हणाले. दाढेची भिंत कागदाएवढी पातळ झाली होती. पुन्हा कच्चं भरलं तर दाढ फुटणार, काढावी लागणार. शिवाय साहेबांची बदली आली होती, महिनाअखेर ते जाणार होते. मी ते तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"चांदीला वास आसतो का, भाऊजी?"

"नाही वहिनी."

ती खुर्चीत बसून राहिली. बाहेर निंबाखाली दोन जवान आपल्या पाळीची वाट पाहत होते. मग तिनं पदराची गाठ सोडली. लवंग वाळून काळी झाली होती, पण डोकं शाबूत होतं. तिनं ती पुढच्या दातांत धरली आणि तोडली. बारीक आवाज झाला. अर्धी तोंडात ठेवली आणि चावत राहिली, घाई न करता, संपेपर्यंत. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. उरलेली अर्धी तिनं परत पदरात बांधली आणि गाठ नीट ओढली.

"ही त्यांची," ती म्हणाली. "भरा आता."

मी कपाटाच्या वरच्या फळीवरून ती छोटी बाटली काढली. भानुदासची चांदी खलात ओतली, पारा घातला आणि घोटायला लागलो.